चार बोटं ओल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझ्या चहातली साखरसुद्धा लपत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट कळलेलं नाही.

मी तलाठी होतो. मूळचा फलटणकडचा, उसातला माणूस. आमच्याकडे पाटाला पाणी असतं, त्यामुळे आभाळाकडे बघायची मला सवयच नव्हती. आणि नोकरीची शेवटची वर्षं मिळाली ती कवठे महांकाळच्या पूर्वेला, जिथे माणसं दुसरं काही बघतच नाहीत. चावडीच्या आवारात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी आठला त्यातलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. एवढंच काम.

पण मी राहायचो मिरजेला. नियमाप्रमाणे गावात राहायला हवं होतं — राहत नव्हतो. एसटीनं पोचेपर्यंत अकरा वाजायचे. आठची नोंद अकराला कशी घ्यायची? तर... थांबा, आधी बिरू तात्याचं सांगतो.

तात्याचा जन्म मेंढरं राखण्यात गेला, म्हातारपणी थोडी शेती. पाऊस पडला की खुरपं घेऊन शेतात जायचा, माती उकरायचा आणि ओल किती खोल गेली ते बोटांनी मोजायचा. मग घरी येऊन कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचा — चार बोटं, वीतभर, नुसती धूळ बसली. वर्षानुवर्षांची कॅलेंडरं सुतळीत बांधून ठेवलेली. मी चेष्टा करायचो, तात्या, तुमची वेधशाळा काय म्हणते? तो हसायचा.

सांगलीच्या एका वकीलबाईंनी ती कॅलेंडरं पाहिली आणि तिथेच बसून राहिल्या. पाऊस बदलल्याचं त्यात सरळ दिसत होतं. महिनाभर पुरवून पडणारा पाऊस आता एका दुपारी कोसळून वाहून जायचा, पुढच्या चौकटी कोऱ्या. आणि सरकारचा टंचाई आराखडा मात्र जुन्याच पावसावर बेतलेला. तात्या आणि गावातले चौघे उच्च न्यायालयात गेले. हवामान बदललंय, ते धरून आराखडा करायला सरकारला सांगा — मागणी एवढीच होती.

सरकारचं उत्तर काय? अधिकृत नोंदींत पावसात बदल दिसत नाही.

अधिकृत नोंदी म्हणजे माझी वही.

न्यायमूर्तींनी कॅलेंडरं हसण्यावारी नेली नाहीत. त्यांनी विचारलं, सरकारी नोंदी कुणी घेतल्या? प्रत्यक्ष पाहून घेतल्या का? त्या माणसाचं शपथपत्र द्या. कळतंय ना? न्यायालय सरकारला हलवायला तयार होतं आणि सगळं माझ्या एका ओळीवर येऊन थांबलं होतं. तहसीलदार साहेबांनी दबाव आणला असंही नाही. त्यांनी कागद पुढे ठेवला आणि खरं असेल तर सही करा म्हणाले.

खरं काय होतं? पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं — कधीपासून, तेही मला माहीत नव्हतं. मी मागच्या वर्षीची वही उघडून यंदाच्या वहीत उतरवत होतो, एखादा आकडा इकडेतिकडे करून. मागच्या वर्षीची त्याच्या मागच्या वर्षावरून. मग पाऊस बदललेला दिसणार कसा? मी त्याला बदलूच दिलं नव्हतं.

सही केली. सदर नोंदी मी स्वतः, रोज, प्रत्यक्ष पाहून केल्या आहेत. निवृत्ती तोंडावर होती, निलंबनाची भीती वाटली. तरीही सही झोकात आली. त्याच शपथपत्रावर याचिका फेटाळली गेली.

निकालानंतर तात्या चावडीत आला. मला वाटलं, भांडेल. मी शब्दही जुळवून ठेवले होते.

"भाऊसाहेब, माजंच चुकलं आसंल," तो म्हणाला. "वय झालं. बोटास्नी काय कळतंय? मशीन कशाला खोटं बोलंल? तुमास्नी उगं कोर्टाचा तरास झाला."

तो माझी माफी मागत होता. आणि मी काय म्हणालो? असू दे, तात्या. एवढंच म्हणालो. त्या दोन शब्दांची मला सहीपेक्षा जास्त लाज वाटते.

पुढे महिन्याभरात एका दुपारी पाऊस कोसळला. तात्या चावडीच्या ओट्यावर अडकला होता, मी शेजारी. तासाभरात सगळं वाहून गेलं, ऊन पडलं. आता हा खुरपं आणायला उठेल, असं मला वाटलं. तो बसूनच राहिला. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं,

"भाऊसाहेब, किती पडला म्हनायचा ह्यो?"

जागेवरून न उठताच मी आकडा सांगितला.