पंजाभर जागा

पुतणीचं लग्न ठरलं आणि दादाच्या डोक्यात टाइल्स शिरल्या. घरात नव्हे, घराच्या बाहेरून! धसईच्या बाजाराला जाताना रस्त्यालगतचं प्रत्येक नवं घर अंगभर टाइल्स लावून उभं. मग आपणच का मागे? मुरबाडहून मिस्त्री आला. तो भिंतीला भिंत म्हणेना, एलिव्हेशन म्हणे. मी म्हटलं, नुसता रंग दे. पण माझं ऐकतो कोण?

वहिनीचं मागणं एवढंसंच होतं. आमच्याकडे लेक सासरी निघताना दाराशेजारच्या भिंतीवर हळदीचा पंजा उठवून जाते. आमच्या ताईचा पंजा तिथं इतकी वर्षं होता, चुन्यात मुरून तांबूस झालेला.

"अवो, तेवढी पंजाभर जागा सोडा," वहिनी दादाला म्हणाली.

"आन् ठिगळ दिसंल त्याचं काय? टाइल्सवर उठवंल ना पोर. तिला कोन नाय म्हनतंय?"

झालं. ताईचा पंजा टाइल्सखाली गेला. भिंत अशी चकाकायची की दुपारी अंगणात डोळे उघडवत नसत. दादाला मात्र तिचं कौतुक सरेना. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन भिंत पुसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं, "रंगाचा तरास नाय. फडकं मारलं का झालं." त्या वाक्याचा मला वीट आला होता.

लग्न झालं. निघताना पोरीनं रडत रडत टाइल्सवर पंजा टेकला. हळद जरा ओघळली, पण पाचही बोटं उठली. मांडव रिकामा होईपर्यंत वहिनी तिथंच बसून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर आलो, तर दादाची भिंत पुसून होत आली होती. दाराशेजारी काहीच नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"अरे दादा, काय केलंस हे? पोरीचा हात पुसलास तू!"

त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्या फडक्याकडे. ते पिवळं झालं होतं. माझा आवाज ऐकून वहिनी बाहेर आली. तिला पाहून मला पुढे ओरडवेना.

बादली पायाशीच होती. दादानं फडकं तिच्यात बुडवलं नाही. तसंच ओलं, घडी करून तो आत घेऊन गेला.