बंड्याची भूक

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — जिच्याशी खोटं बोललो, तिलाच कसं सांगणार?

माझं खालापूरला भंगाराचं गोडाऊन आहे. पोशीरच्या बाजूला सायकलवर डबे-बाटल्या गोळा करत इथवर आलो. घासाघीस हेच माझं शिक्षण. भाव पटला नाही की उठायचं, चालू पडायचं. समोरचा मागून हाक मारतोच.

मुलगा-सून शेलूला राहायला गेल्यावर घरात आम्ही दोघं आणि बंड्या, आमचा कुत्रा. तो एकाएकी बादलीभर पाणी प्यायला लागला. सतत खा-खा, लोंबतं पोट, कुशीवरचे केस गेलेले. कर्जतच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी रक्त तपासलं, पोट चाचपलं. म्हणाले, मूत्रपिंडाजवळ एक लहानशी ग्रंथी असते, तिथं गाठ असावी; ही भूकसुद्धा त्या आजाराचीच. सोनोग्राफी केली की नक्की कळेल.

“नुसत्या संशयाचे एवढे पैसे? काहीतरी कमी करा,” मी म्हणालो.

“शेठ, हे भंगाराचं दुकान नाही.”

बाकावरची माणसं हसली. ते हसू मला अजून बोचतं — हो, अजून! चारचौघांत माझा धंदा काढला त्याने. मी बंड्याचा पट्टा धरला आणि उठलो. पायऱ्या उतरलो. टेंपोत बसलो, तरी चावी फिरवली नाही... हाक आली नाही.

घरी बायकोने विचारलं, “काय म्हनले वो डॉक्टर?”

काय सांगायचं? रुसून आलो म्हणून? म्हणालो, “वय झालंय त्याचं. आन् तुझे लाड — त्या तुपाच्या चपात्या बंद कर आदी.”

तिने त्याच दिवशी बंद केल्या. बंड्या उंबऱ्यावर लाळ गाळत बसायचा. ती पाठ फिरवून लाटत राहायची. मी जेवत असायचो.

परत जाता आलं नसतं? माल घेऊन त्याच रस्त्याने तर जायचो. दवाखान्याकडे मान वळवली नाही.

एका दुपारी तो अंगणात कोसळला. हिरड्या पांढऱ्याफटक. टेंपो काढेपर्यंत संपला. गाठच होती का? ठाऊक नाही — मी बघूच दिली नाही.

त्याला पुरून आलो तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. “माज्याच हातनं गेला वो तो,” म्हणाली. “लय तूप घातलं मी त्याला.”

मी म्हणालो, “जाऊ दे गं. मुद्दाम केलंस का तू?”

मी तिला माफ केलं.