बशीतले दादा

देवाने निर्दोष माणूस असा एकच घडवला आणि तो नेमका माझा साडू करून माझ्या उरावर बसवला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, डोक्यावर माझ्या दुप्पट केस आणि नावामागे डॉक्टर. डॉक्टर औषधाचे नव्हेत, संशोधनाचे. तरीही पंचवटीत सासूबाईंच्या गल्लीतली निम्मी मंडळी त्यांना गुडघे दाखवून जातात. ते कोणाला गोळी देत नाहीत, पण गुडघ्यातल्या पेशींवर काय गुदरत असेल हे इतक्या मायेने सांगतात, की लंगडत आलेला माणूस हसत जातो. मी अंबडला कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे घडवत अठ्ठावीस वर्षं काढली, केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक मला बोटाला कळतो. पण सासूबाईंनी आजवर माझ्याकडून मिक्सरचं झाकण तेवढं बसवून घेतलं. बायको म्हणते, तुम्हाला जळायला कारण लागत नाही. लागत नाही कसं? चांगलं पावणेसहा फुटी कारण दर रविवारी समोर येऊन बसतं.

बसतं म्हणजे टेकतं. कारण साडूंना पेशींना जेवू घालायला जायचं असतं. गावाबाहेरच्या एका प्रयोगशाळेत ते प्लॅस्टिकच्या चपट्या बश्यांमध्ये माणसाच्या पेशी वाढवतात. त्या बशीतलं पातळ अन्न रोज बदलावं लागतं, आणि पेशींना रविवार, दिवाळी, अमावस्या यातलं काही कळत नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात शेवटची अक्षता पडली आणि वऱ्हाडातून साडू गायब. रंगपंचमीला अख्खं जुनं नाशिक रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या घेत असतं, तेव्हा हे दार लावून घरात, कारण नखात रंग राहिला तर पेशींना सोसत नाही. अत्तर नाही, तपकीर नाही, शिंक आली तर बाहेर. याच माणसाने घरची तुळस तीनदा वाळवली आहे, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी आम्हां दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं. पाट, रांगोळी, तेहतीस-तेहतीस अनारशांचं वाण. साडूंना कोणीतरी विचारलं, तुम्ही नेमकं करता काय? झालं! त्यांनी वरणाची वाटी बाजूला सारली.

"आई, प्रत्येक पेशीजवळ अख्ख्या शरीराची पोथी असते बघा. पण कातडीच्या पेशीने कातडीचीच पानं उघडी ठेवलेली असतात. डोळ्याची, हृदयाची पानं चिकटवून टाकलेली. आम्ही ती हळूहळू सोडवतो. मग ती पेशी पार सुरुवातीला जाते, आईच्या पोटात होती तशी. तिथून पुन्हा काहीही होऊ शकते."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सासरी रुळलेल्या बाईला परत परकर-पोलक्यात आणायचं म्हणा की!"

"अगदी तस्सं! मोठमोठ्यांना असं सांगता येत नाही," असं म्हणून साडूंनी घड्याळ पाहिलं आणि ते अर्ध्या ताटावरून उठले. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, तो पानावरून उठला म्हणजे आता भडका उडणार, म्हणून मी सरसावून बसलो. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या गं त्यांना, तिकडे लेकरं उपाशी असतील." आणि वर डबा भरून दिला. तोवर माझं दोनदा पाणी मागून झालं होतं.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांचं निघालं. आधी दाराच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या, मग दिवेलागणीला समोरची स्कूटर दिसेना. बायकोला वाटलं, लक्ष नसतं. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा आजार आहे, आईकडून आलेला. कडेकडेने दिसणं कमी होत जाईल, मधलं बरेच दिवस राहील, पुढचं सांगता येत नाही. औषध नाही. माझा मामा शेवटी भिंतीला हात लावून चालायचा, त्यामुळे पुढचं मला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

नातेवाईक फळं घेऊन आले. साडू रिकाम्या हाताने आले आणि म्हणाले, "दादा, तुमच्या दंडाची साबुदाण्याएवढी कातडी द्याल का?"

त्यासाठी समितीची परवानगी, दवाखाना, चार पानी संमतिपत्र. साडूंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि 'दात्याला स्वतःला याचा फायदा होईलच असे नाही' हे वाक्य तीनदा. मी म्हटलं, "तुम्ही विमा एजंट झाला नाहीत ते बरं केलंत." पण सही करताना मनात आशा होतीच, खोटं कशाला बोलू?

आणि मग माझं घरातलं उरलंसुरलं स्थान गेलं. कागदोपत्री त्या बशीला नंबर होता, पण साडू तिला दादा म्हणू लागले. लाखो पेशींमधल्या मोजक्याच मागे फिरल्या, त्या दिवशी ते पेढे घेऊन आले. मग रोज फोन. "आज दादा छान आहेत." "दादांनी अन्न बदललेलं मानवलं." मला सणकून ताप भरला तेव्हाही फोन आला. वाटलं, चला, आठवण झाली. तर म्हणतात, "चार दिवस आमच्याकडे कोणी येऊ नका हं, माझ्यामार्फत दादांना काही व्हायला नको."

मी स्वतःच्या कातडीवर जळणारा जगातला पहिला माणूस असेन. शाळेत असताना मला चित्रकार व्हायचं होतं. वडिलांनी आयटीआयला घातलं. पोट भरलं, तक्रार नाही. पण बावन्नाव्या वर्षी माझाच एक कण सगळ्या वाटा मोकळ्या करून बसला होता, आणि त्याला सकाळ-संध्याकाळ विचारणारा माणूस होता. मला मात्र साडूंनी वर्षभरात एकदाही विचारलं नाही की दादा, दिसतंय कसं? हे मला फार लागलं होतं.

काही महिन्यांनी त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. पांढरा डगला चढवला, टोपी घातली आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. त्या नळीतून सगळ्यांनाच जग गोल दिसतं, त्यामुळे तिथे माझं काहीच कमी पडत नव्हतं. खाली माझ्या पेशींचे तपकिरी षट्कोन एकमेकांत फट न ठेवता बसलेले. टूलरूमच्या माणसाला असं काम बघून भरून येतं. दंडाची कातडी डोळ्याचा पडदा व्हायला निघाली होती.

"कडेला बघा," साडू म्हणाले. तिथे फटी पडल्या होत्या. "थकायला लागल्यात. चूक कुठे होते ते आता समोर दिसतंय, दादा. पुढच्या कोणाला तरी उपयोग होईल. तुमच्या वेळेत जमेल असं वाटत नाही."

शेजारी त्यांची वही होती. बारीक अक्षरात रोजची नोंद: किती जगल्या, किती गेल्या. एकही रविवार चुकलेला नव्हता. ते पुन्हा नळीला डोळा लावून शांतपणे मोजू लागले.

निघताना दाराची चौकट माझ्या खांद्याला जोरात लागली. साडू दोन पावलांवर होते. त्यांनी चटकन मान दुसरीकडे वळवली आणि स्वच्छ असलेला चष्मा काढून डगल्याला पुसत राहिले, बराच वेळ. बशीतलं मरण रोज मोजणाऱ्या या माणसाला माझ्याकडे बघवत नव्हतं. वर्षभर विचारलं नाही ते का, हे मला तिथे कळलं, आणि माझीच मला लाज वाटली.

आता रविवारी ते आले की मीच आपणहून सांगतो, "परवापेक्षा आज बरं दिसतंय." ते शास्त्रज्ञ आहेत, बरं दिसणं शक्य नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी दर वेळी "हो का, दादा?" म्हणतात, आणि थोडा जास्त वेळ बसतात.