वाढप्याचं पान

लक्ष्मीकांत गुप्त्यांना पहिल्या पंगतीला बसलेलं उभ्या बडोद्यात कुणी पाहिलं नव्हतं. पाणीगेटच्या मंडळात गणपतीचं जेवण असलं की हा माणूस कमरेला पंचा गुंडाळून, वरणाची बादली घेऊन हजर. वाढप्याने शेवटी बसायचं, हा त्यांचा बाणा. तोवर जिलबी संपलेली असायची, मठ्ठ्यात पाणी वाढलेलं असायचं, आणि शेजारच्या पानावर कौमुदीबाई, त्यांच्यासाठी दोन तास उपाशी थांबलेल्या. लग्न झाल्यापासून मसालेभात म्हणजे पातेल्याच्या बुडाची खरवड एवढंच आपल्याला ठाऊक आहे, असं त्या हसत सगळ्यांना सांगायच्या.

राहायला दोघंच, बडोद्याच्या गोत्री भागात. लक्ष्मीकांत करजणजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात नेटवर्क सांभाळायचे. कारखान्याच्या पत्र्यांमध्ये मोबाइलला रेंज मिळायची नाही, म्हणून घरचं बोलणं टेबलावरच्या फोनवर; घरचा जुना फोनही त्यांनी कधी काढू दिला नाही. रोज साडेअकराला कौमुदीबाई घरून फोन लावायच्या आणि कारखान्यात त्यांच्या टेबलावरचा दोनशे चौदा नंबर वाजायचा. येताना करजणच्या बाजारातून काय आणायचं, एवढंच बोलणं. हिवाळ्यात बहुधा तुवेर, म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा.

बाहेरचे फोन आधी बडोद्याच्या ऑफिसात येत आणि तिथून एकाच लाइनीने कारखान्यात. फायली, कॅमेऱ्यांची चित्रं, फोन, सगळ्यांची वाट तीच. लाइन गच्च भरली की कुणाला पुढे सोडायचं आणि कुणाला थांबवायचं, हे स्विचला, म्हणजे नेटवर्कची वाहतूक वाटणाऱ्या पेटीला, आधी शिकवून ठेवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीकांतांनी ही यादी केली ती अगदी पंगतीसारखी. पहिल्या पंगतीला धोक्याच्या सूचना, दुसरीला साहेबांचे आणि दवाखान्याचे फोन, तिसरीला मेल, आणि शेवटी जागा उरली तर फायलींच्या नकला. त्या नकलांच्या शेजारी त्यांनी स्वतःचा दोनशे चौदा बसवला. सही करताना मॅनेजर धवलभाईंनी विचारलं होतं, हा नंबर चुकून खाली राहिला का? लक्ष्मीकांत म्हणाले, "वाढप्याने शेवटी बसायचं, साहेब." धवलभाई हसले आणि सही केली. मला तर त्यांच्या या चांगुलपणाचा राग येतो. स्वतःचं पान शेवटी मांडलं की शेजारचंही शेवटी जातं, हे या माणसाच्या कधी ध्यानातच आलं नाही.

जानेवारीत ऑडिट आलं. बडोद्याच्या ऑफिसातून सकाळपासून जुन्या फायलींचे ढीग कारखान्याकडे येऊ लागले आणि लाइन काठोकाठ भरली. साडेअकराला दोनशे चौदा वाजला. पलीकडून कौमुदीबाईंचा आवाज आला तो तुकड्यातुकड्यांत. "अहो... ती... ये... या." लक्ष्मीकांतांना वाटलं, नेहमीचंच. ते म्हणाले, "आवाज तुटतोय गं. तुवेर ना? आणतो. बाकी संध्याकाळी बोलू." फोन ठेवला आणि ते ऑडिटवाल्यांकडे गेले. कारखान्याकडून जाणारी बाजू मोकळी होती, त्यामुळे कौमुदीबाईंना त्यांचा शब्द न् शब्द ऐकू गेला होता.

तीन वाजता धवलभाईंच्या फोनवर शेजारच्या सुनंदावहिनी होत्या. तो फोन दुसऱ्या पंगतीतला, आवाज स्वच्छ. कौमुदीबाई गेल्या होत्या.

सुनंदावहिनींनी नंतर रडत रडत सगळं सांगितलं. बाराच्या सुमाराला त्या कढीपत्ता मागायला गेल्या, तेव्हा कौमुदीबाई छाती धरून बसल्या होत्या. "छातीत कळ येतेय, लवकर या, असं फोनवर सांगितलं म्हणाली. मी म्हटलं, भाऊजींना परत फोन करू ने? रिक्षा बोलावू? तर म्हणाली, नको, ते कामात आहेत, संध्याकाळी बोलू म्हणालेत. ॲसिडिटी असेल. तू जा, तुझी पोळी राहिलीय."

म्हणजे तिथेही बाई थांबल्याच.

तेरावं झाल्यावर लक्ष्मीकांत कामावर गेले. त्यांनी स्विचचा त्या दिवसाचा हिशोब उघडला. जागा नसली की शेवटच्या रांगेतलं स्विच फेकून देतो, आणि किती फेकलं त्याचा आकडा ठेवतो. काय फेकलं, ते ठेवत नाही. साडेअकराच्या ओळीसमोर चार आकडी संख्या होती. त्यातले बरेचसे फायलींचे तुकडे असणार, आणि थोडे 'छातीत'चे, थोडे 'लवकर'चे. स्विचने काही चूक केली नव्हती. सांगितलं होतं तसंच केलं होतं. लक्ष्मीकांत खुर्चीत बसल्या बसल्या रडले, आणि धवलभाई दारापर्यंत येऊन परत गेले.

मग डोळे पुसून त्यांनी यादी काढली आणि दोनशे चौदा उचलून सगळ्यांत वर, पहिल्या पंगतीत नेऊन ठेवला.

बदल केला की फोन लावून बघायचा, ही कामाची शिस्त. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि बोटांनी सवयीने घरचा नंबर फिरवला. घंटा वाजू लागली. मधे कुठे खरखर नव्हती, एक ठोका तुटत नव्हता. आपोआप बंद होईपर्यंत ते ती ऐकत राहिले.