आमच्या दारात संपणारी शर्यत

नळदुर्गाहून निघालेली सायकलींची शर्यत उमरग्यात आमच्या आडतीसमोर संपायची. सोलापूरच्या सायकल दुकानदारांनी ती सुरू केली होती. प्रत्येक दुकानाचा एक पगारी गडी असायचा. तो जिंकला की त्या दुकानाच्या सायकली खपायच्या, एवढा साधा हिशेब. माझा धाकटा दीर मात्र कुणाचा पगारी नव्हता. घरची सायकल आणि अंगात घरचीच बंडी. आज म्हातारपणी मी त्याला ‘तो’ म्हणते. तेव्हा भावजी म्हणायचे आणि त्याच्यासमोर पदर सावरायचे, जरी तो माझ्याहून फार मोठा नव्हता.

बायकांनी सडकेवर उभं राहायची सोय नव्हती. सासूबाई आणि मी घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, कठड्याआड बसून बघायचो. तिथून ओढ्याच्या पुलापासून आमच्या दारापर्यंतची सरळ सडक दिसायची. खाली सडकेवरच्या पुरुषांना, आमच्या ह्यांनाही, वाटायचं त्यांना जास्त दिसतं. त्यांना पुढच्याचा पटका दिसायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच माघात मी ती शर्यत पाहिली. पुलावरून सायकली वर आल्या तर आमचा माणूस दिसेचना. सासूबाई म्हणाल्या, “पडलं वाटतं पोरगं कुठं तर.” मग दिसला. एका दांडग्या गड्याच्या सायकलीमागं आपली सायकल चिकटवून, मान खाली घालून बसला होता. मला लाजच वाटली. कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपाशी तो सीटवरून उठला. मी पदर नीट करेपर्यंत तो त्या दांडग्याच्या पुढं होता, आणि दारात बांधलेली फीत तोडली तेव्हा मागं कुणाची सावलीसुद्धा नव्हती. हलगीवाल्याचा हात वरच राहिला. माणूस असा सुटू शकतो हे कुणी पाहिलेलंच नव्हतं, मीही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तस्सं झालं तेव्हा लोकांचं डोकं फिरलं. त्यांनी सायकल उलटी करून पाहिली, साखळी हातानं फिरवली, चाकाला कान लावला. तालमीतल्या मंडळींचा वेगळाच राग होता. “दुसऱ्याच्या पाठीमागं लपायचं आन शेवटाला पुढं पळायचं, ही काय मर्दानकी? कुस्तीत चालंल का असलं?” वारा पुढच्यानं खायचा आणि दम मागच्यानं राखायचा, ही सायकलीची रीत त्यांना कोण समजावणार? मग कुणीतरी त्याच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं बोट दाखवलं. सीटवरून उठला की ती बंडीबाहेर येऊन झुलायची. म्हणाले, “त्यात ताईत हाय. काढून पळून दाखीव.”

डबीत इष्टलिंग होतं. आम्हा लिंगायतांत ते जन्मापासून अंगावर असतं. अंगावेगळं झालं, तर परत मिळेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. दीर एवढंच म्हणाला, “ते गळ्यातनं निघत न्हाय.”

सगळ्यात मोठे चाहते माझे सासरे. एरवी आडतीत माप घालतानाही हळू बोलणारा माणूस, पण सायकली पुलावर आल्या की त्यांचा आवाज जिनिंगच्या भोंग्याला भारी पडायचा. पोरगा जिंकला की सडकेवरच गुळाची ढेप मांडून हातोडीनं फोडायचे आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांच्या हातावर खडा ठेवायचे. आपल्याला असा बाप असता तर, असं मला वाटायचं. माझ्या वडलांनी मी शाळेत पहिली आले तेव्हा “बरं” म्हटलं होतं.

तिसऱ्या वर्षी सोलापूरचा एक मोठा दुकानदार आठवडाभर आधी येऊन गेला. औंदा जिंकलास तर माझ्या दुकानाचा गडी म्हणून ठेवतो, म्हणाला. दिराचा चेहरा मी असा खुललेला कधी पाहिला नव्हता. तराजूपाशी बसला की त्याला झोप यायची. ज्वारीच्या धुळीनं तो शिंकून बेजार व्हायचा. सासऱ्यांनी चार लोकांसमोर शब्द दिला, “जिंकला तर खुशाल जाऊ द्या. हरला तर मातुर दुसऱ्या दिवसापास्नं तराजू धरायचा, आन पुना सायकलीचं नाव न्हाय.” दीर कबूल म्हणाला. लोकांनी सासऱ्यांच्या मोठ्या मनाची तारीफ केली. मीही केली, मनातल्या मनात.

त्या वर्षी लोक शर्यत बघायला आलेच नव्हते, त्याला बघायला आले होते. निम्मे तो जिंकावा म्हणून आणि निम्मे तो एकदाचा आपटावा म्हणून. बाकीच्या सडकेवर कुत्रं नव्हतं, आणि पुलापासून आमच्या दारापर्यंत मुंगी शिरायला जागा नव्हती. बहुतेक माणसं बैल सोडून गाड्यांवरच उभी होती.

जिनिंगच्या भिंतीपाशी तो उठला. एका हिसक्यात मोकळा झाला. मागच्यांची तोंडं वरूनसुद्धा पडलेली दिसली. खाली सासऱ्यांचा आवाज लागला होता. फीत आता हाताला येईल अशी जवळ होती, आणि त्याचा एक हात गळ्याशी गेला.

पाय थांबले. त्यानं सायकल धाडकन आडवी टाकली आणि उलटा, येणाऱ्या सायकलींच्या समोर, दोन्ही हात पसरून पळत सुटला.

सायकली डाव्या-उजव्या बाजूला फाटल्या. एक गडी पोत्यांच्या थप्पीवर जाऊन पडला. हिरव्या बंडीतल्या एका पोरानं फीत तोडली आणि मागं वळून बघत विचारलं, “जिंकलं कोन?” एवढा जमाव होता आणि एखादं लेकरू रडत होतं तेवढंच ऐकू येत होतं. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “इकला गेला.” तो शब्द पेटत्या कडब्यासारखा सडकेच्या दोन्ही बाजूंनी पळाला.

दीर गुडघ्यांवर बसून धूळ चाळत होता. तो काय शोधतोय हे खाली कुणाला कळत नव्हतं. मला कळलं होतं, कारण त्याचा गळा मला वरून मोकळा दिसत होता. आणि चांदीही दिसली. सडकेच्या कडेला, एका जुंपलेल्या गाडीच्या चाकापुढं. गलबल्यानं बैल बिथरले होते, चाक मागंपुढं होत होतं.

सासऱ्यांच्या देखत माझा आवाज कधी चुलीपलीकडं गेला नव्हता. मी कठड्यावर ओणवी होऊन ओरडले, “भावजी, गाडीच्या चाकापाशी! बैल धरा कुणीतरी!”

सगळ्या सडकेनं मान वर केली. शर्यतीपेक्षा जास्त धक्का त्यांना माझा बसला असावा. सासूबाई कानडीत “अय्यो शिवने” म्हणत माझा पदर मागं ओढत होत्या. एकानं बैलांची वेसण धरली, दीर चाकाखाली सरपटत गेला आणि मूठ मिटून बाहेर आला. डबीला पोचा आला होता. आतलं लिंग शाबूत होतं.

सासऱ्यांनी तेवढी मान वर केली नाही. हातात हातोडी आणि पुढ्यात न फोडलेली ढेप, असे ते उभे होते. चेहरा राखेसारखा झाला होता.

सोलापूरचा दुकानदार दिराजवळ आला. “फीत तोडून मग शोधायचं की. किती अंतर राहिलं होतं?”

“मागनं चाकं येत व्हती,” दीर म्हणाला.

“माणूस भला आहेस,” दुकानदार म्हणाला, “पण मला जिंकणारा पाहिजे.” आणि तो हिरव्या बंडीवाल्याकडं गेला.

संध्याकाळी दिरानं अंघोळ करून, नवा दोरा ओवून पूजा केली आणि पोटभर जेवला. मला वाटलं होतं तो मोडून पडेल. उलट म्हणाला, “वैनी, तुमी नसत्या तर आज उपाशीच मेलो असतो.” सासरे मात्र पाटावर येईनात. मी उंबऱ्याआडून म्हटलं, “मामंजी, ताट वाढलंय. लिंग सापडलं की.”

ते भिंतीकडं बघत पोराला म्हणाले, “सकाळी पूजेला बसलो तवा म्या मागितलं व्हतं. तू हरावास म्हनून.”

सासूबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

“आजच?” दिरानं विचारलं.

“तिन्ही वर्सं. दोनी पोरं डोळ्यांपुढं असावीत, येवढंच मनात. पर असं, लिंगच पाडून हरवावं, असं न्हाय रे मागितलं.”

“आन गूळ वाटत व्हता ते?”

“गूळ जिंकल्याचा व्हता,” सासरे म्हणाले. “ते बी खरंच व्हतं.”

दीर ताटात उरलेल्या कोरड्यासाकडं बघत म्हणाला, “पुलावरनं वर आलो की एवढ्या गर्दीत मला तुमचाच आवाज वळकू यायचा, आप्पा. त्यो आला की म्या उठायचो.”

त्यानं ताटातच हात धुतला. मी तशीच वाढणं हातात धरून उभी राहिले. बापाच्या मायेवर मी केवढी जळत होते, आणि ती ही अशी होती. मला रागही आला आणि त्या म्हाताऱ्याची कीवही आली. दोन्ही अजून गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासरे उठायच्या आधी दीर तराजूपाशी जाऊन बसला होता. सासऱ्यांनी त्याला सोलापूरला जा म्हणून सांगितलं, हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. तो म्हणाला, “चार लोकांत शब्द झालाय, आप्पा,” आणि माप घालायला लागला.

पुढच्या माघात, पूजेला बसल्यावर कधी तोंड न उघडणारे सासरे मोठ्यानं बोलायला लागले. “शर्यत हू दे. माझा शब्द मोडू दे. त्येला जिंकू दे.” तो आवाज देवघरातून बाहेर आडतीपर्यंत जायचा. दीर मान वर न करता ज्वारी मोजत राहायचा. तिकडं महायुद्ध चालू होतं आणि सायकलीचं टायर कुठं मिळेनासं झालं होतं, त्यामुळं त्या वर्षी शर्यत झालीच नाही, आणि पुढंही कधी झाली नाही. सासरे मात्र दर माघात मागत राहिले.