दर्शनाआधीचा घास

मुलीचं एका जपानी मुलाशी जमलं, म्हणून आम्ही कॅनडातल्या मार्कहॅमहून त्याच्या जपानमधल्या गावी गेलो. शिंतो देवळाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मिठाईची दुकानं. त्याच्या आईने माझ्या हातात तांदळाच्या पिठाचा गरम गोळा ठेवला.

“अहो, दर्शनाआधी खायचं नाही!” बायको कुजबुजली.

“बाबा, जस्ट ईट इट!” मुलगी पुटपुटली.

होणारी विहीण दुखावली तर? मी गोळा तोंडात घातला, पण गिळला नाही. मधला रस्ता देवाचा असं तिथे मानतात, म्हणून गाल फुगवून कडेकडेने चालत राहिलो. विहीणबाईंनी हसून जपानीत काहीतरी विचारलं. मी घाबरून जोरात मान डोलावली.

“बाबा! लग्न इथेच करायचं का, असं विचारलं त्यांनी!”

बायकोकडे बघायचं धाडस मला झालं नाही.