खवट तेल आणि नवऱ्याचं नाव

“दाराला बाहेरनं कुलूप लावू का नको, तेवढं सांगा डॉक्टर. बाकी तुमी काय बी लिवा.”

सुनील माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता. बाकावर त्याचे वडील पंख्याकडे बघत बसलेले. त्यांना सगळं गाव मिस्त्रीच म्हणायचं. साखर कारखान्यात फिटर होते, आता रिटायर झालेले. शेजारी सुनीलची आई, पदर तोंडाशी धरून. मिस्त्री उठसूट घराबाहेर पडायचे आणि वाट चुकायचे. आदल्या दिवशी उसाच्या ट्रॅक्टरपुढेच गेले. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचले.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, इस्लामपूरची. दोन खोल्यांचा माझा दवाखाना. कारखान्याचा भोंगा झाला की ओपीडी सुरू. वाऱ्यावर मळीचा वास यायचा, तेव्हा नाक मुरडायचो. आता सांगलीत फ्लॅटमध्ये बसून त्याच वासासाठी जीव तुटतो, काय सांगायचं! पेशंट नाडी दाखवायला हात पुढे करायचा आणि दुसऱ्या हातानं पिशवीतली वांगी टेबलावर ठेवायचा.

मिस्त्रींच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. मिरजेला पाठवून सीटी स्कॅनही करून आणला होता. मेंदू आक्रसलेला. निदान अल्झायमर. त्या काळी आमच्याकडं हा शब्द कुणाला ठाऊक? लोक म्हणायचे म्हातारचळ. पण ते खरं नाही. वय झालं की थोडं विसरायला होतंच. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं, आणि चष्मा कशाला असतो हेच विसरणं वेगळं.

नेमका त्याच सकाळी एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, अँटीऑक्सिडंट कॅप्सूलची सॅम्पल ठेवून गेला होता. सोबत पत्रकं. त्यावर गंजलेला मेंदू आणि शेजारी चकाचक मेंदू. “सर, ब्रेन पुन्हा तरुण!” म्हणाला. मी म्हटलं, “गड्या, तू घेतोस का? मग तुझ्याकडं बघून ठरवतो.” हसत हसत गेला बिचारा.

सुनीलची नजर त्या पत्रकावर गेली. “हे द्या की मग!”

मी त्याच्या आईकडं वळलो. म्हटलं, “बाई, चुलीत लाकूड जळलं की ऊब मिळते, पण ठिणग्याही उडतात. मेंदू अवयव एवढासा, पण ऑक्सिजन भरपूर जाळतो. म्हणून ठिणग्याही भरपूर. तरुणपणी शरीर त्या विझवत असतं. वय झालं की विझवणं मंदावतं. आणि मेंदूत चरबी लय असते. त्या ठिणग्यांनी ती चरबी...”

“खवट हुती,” बाईंनी वाक्य पुरं केलं. “डब्यात गोडं त्याल लय दिस ऱ्हायलं की हुतंय तसं?”

“अगदी तसंच.”

याला आम्ही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो. अल्झायमरचं हे एकटंच कारण नव्हे. मेंदूत नको ती प्रथिनंही साठतात, आणि दोन्ही मिळून एकमेकांना जोर देतात. आधी कोण आणि मागनं कोण, हे तेव्हा ठाम सांगता येत नव्हतं. खरं सांगायचं तर आजही वाद आहे.

“मग ह्या गोळीनं खवटपणा जाईल न्हवं?” सुनील.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “खुळा का काय तू? खवट त्याल परत चांगलं हुतंय व्हय रं?”

मी म्हटलं, झालाच तर पुढचा बिघाड थोडा सावकाश होईल, तोही नक्की सांगता येत नाही. गेलेलं परत येत नाही. कॅप्सूल दिली, फार आशा ठेवू नका असं बजावलं. मग कुलपाचा विषय. “कोंडलेला माणूस घाबरतो. दारावर डोकं आपटून घेईल. मागं माणूस पाहिजे.”

“मी असती की मागं,” बाई म्हणाल्या. “पर हाक मारली तर थांबत न्हाईत.”

“काय हाक मारता?”

“आवं.”

“'आवं' हे काय नाव आहे? नाव घेऊन मारा हाक!”

“अगं बया! नवऱ्याचं नाव? भर रस्त्यात? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.”

माझं डोकं फिरलं. “बाई, ते ट्रॅक्टरखाली गेल्यावर उखाणा घेणार आहात का?”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी शब्द मागं घेतला नाही. या आजारात नवं आधी पुसतं, जुनं शेवटी. 'मिस्त्री' हे नोकरीतलं नाव, 'आवं' लग्नानंतरचं. पाळण्यातलं नाव सगळ्यांत खोल रुजलेलं. हे समजावलं, आणि सुनीलला म्हटलं, पुढच्या खेपेपर्यंत कुलूप नको. कसाबसा तयार झाला.

पुढच्या खेपेला बाई एकट्याच मिस्त्रींना घेऊन आल्या. बसायच्या आधीच सुरू झाल्या.

“आवं डॉक्टर, बाजारात भाजी घेताना हात सुटला की! हे निघाले चौकाकडं. मी वरडले, 'आवं, आवं!' तर पाच-सा म्हातारे मागं वळून बघाय लागले, ह्यांना सोडून! 'मिस्त्री' म्हणून बघितलं, न्हाई. म्होरनं उसाचा ट्रक वळत हुता. म्हटलं मरू दे ती लाज, आन् सासूबाई मारायच्या तशी हाक मारली. 'ए दत्तूऽऽ!'”

“थांबले?”

“थांबले की. वळले. आन् म्हणले, 'आलो गं आये.'”

बाई आधी हसल्या, मग पदरानं डोळे पुसत राहिल्या.

“इतकी वर्सं संसार केला, आन् आता मी ह्यांची आय झाली. पर पळत आले, डॉक्टर. माजा हात धरला, घर येईस्तवर सोडला न्हाई. जलमात कवा बाजारात हात धरला नव्हता ह्यांनी.”

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. लपवायला मी बीपीचा पट्टा काढला.

घराला कुलूप लागलं नाही. मिस्त्री आणखी काही वर्षं जगले आणि घरीच, अंथरुणात गेले. कॅप्सूलनं काही फरक पडला असं मला दिसलं नाही. पुढं तसल्या किती तरी कॅप्सूल आल्या नि गेल्या. असा पेशंट आला की मी घरच्यांना आधी एवढंच विचारतो, “ह्यांची आई ह्यांना काय म्हणून हाक मारायची?” औषधाचं नंतर बघू.